जपान आपल्यासाठी लढणार नाही, मग ही भागीदारी कशाला?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भारत आणि जपान यांची ‘विशेष सामरिक आणि जागतिक भागीदारी’ आहे, असं दर शिखर बैठकीनंतर ऐकू येतं. अमेरिका आज एक बोलते, उद्या दुसरंच करते. चीन शिरजोर झालाय. अशा वेळी या भागीदारीचा उपयोग काय? सीमेवर काही झालं तर जपान मदतीला येईल का? आणि शेवटी एक घरगुती पुरवणी: मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तिने जपानी शिकावं का?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. जपान आपल्यासाठी लढायला येणार नाही. आपणही त्याच्यासाठी जाणार नाही. दोघांनी एकमेकांना तसा शब्द दिलेला नाही, कुणी मागितलेलाही नाही. जपानचा परस्पर संरक्षणाचा तह एकट्या अमेरिकेशी आहे, १९६० सालचा. जपानच्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात युद्धाचा हक्क सोडून दिलेला आहे, आणि २०१५ च्या कायद्याने मित्रदेशाच्या मदतीला जाण्याची दिलेली सूटसुद्धा जपानचं स्वतःचं अस्तित्व पणाला लागलं तरच वापरता येते. लडाखमधल्या चकमकीने ती अट पुरी होत नाही. २०१७ मध्ये डोकलामच्या वेळी जपानच्या राजदूतांनी, आणि २०२० मध्ये गलवाननंतर त्यांच्या जागी आलेल्या राजदूतांनी, आहे ती परिस्थिती बळाने किंवा एकतर्फी बदलायला आमचा विरोध आहे, अशी उघड भूमिका घेतली. डोकलामच्या वेळी तर बहुतेक राजधान्या मूग गिळून बसल्या होत्या, म्हणून त्या शब्दांना मोल आहे. पण तेवढंच.

माझं उमेदीचं आयुष्य आधी दुभाषा म्हणून आणि पुढे जपानी कर्जावरच्या प्रकल्पांच्या करारमदारांत गेलं. तिथून पाहिलं तर ही भागीदारी संयुक्त निवेदनांत शोधून हाती काही लागत नाही. ती कर्जाच्या कलमांत, कारखान्यांना लागणाऱ्या मालात आणि माणसांच्या ये-जामध्ये असते. तिथे दम असेल तर भागीदारी आहे, नसेल तर नुसते फोटो.

पैशाचं आधी बघू. येनमधलं पहिलं सवलतीचं कर्ज जपानने जगात कुणाला दिलं, तर भारताला, १९५८ मध्ये. त्याआधी जपानशी शांतता तह करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नव्हता. १९५२ मध्ये जपानशी वेगळा तह केला आणि युद्धाची भरपाई माफ केली. महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात वेगळा निकाल देणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव तिकडचे जुने अधिकारी अजून काढतात. पण या भावनेवर कुणी फार विसंबू नये. १९९१ मध्ये परकीय चलन आटलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोनं गहाण ठेवलं, ते बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. म्हणजे अडचणीत पैसे मिळाले, पण तारणावर. आणि १९९८ मध्ये पोखरण झाल्यावर याच जपानने आपली नवी कर्जं बंद केली. तो निर्बंध २००१ मध्ये उठला. २०१६ मध्ये जपानने आपल्याशी नागरी अणुकरार केला. अणुबॉम्ब झेललेल्या देशाने, अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी असा करार पहिल्यांदाच केला. तो करताना सोबतच्या टिपणात जपानने आपलं म्हणणं नोंदवून ठेवलं: भारताने पुन्हा चाचणी केली तर हा करार मोडायला आम्ही मोकळे. जपानी माणूस मैत्रीतही पावती फाडतो, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे. निदान दोन्ही बाजूंना आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

दरम्यान नाव लांबत गेलं. २००० मध्ये पंतप्रधान मोरी दिल्लीला आले तेव्हा ‘जागतिक भागीदारी’ झाली, २००६ मध्ये तिला ‘सामरिक’ जोडलं, २०१४ मध्ये ‘विशेष’. या तिन्हींत खरी उडी मधली. २००७ च्या ऑगस्टमध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारताच्या संसदेत हिंदी आणि प्रशांत महासागर एकत्र पाहण्याची कल्पना मांडली, त्याच वर्षी भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांच्या ‘क्वाड’ची पहिली बैठक झाली, आणि २००८ मध्ये सुरक्षा सहकार्याचं संयुक्त निवेदन आलं. क्वाड पुढे दहा वर्षं थंड पडली, २०१७ मध्ये पुन्हा उठली. २०२५ मध्ये तिची शिखर बैठक भारतात व्हायची होती, ती त्या वर्षात झालीच नाही. अमेरिकेचा मूड बदलला की चौकडी डगमगते. त्या डगमगीत भारत–जपान हा दुवा मात्र तुटत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

आता बुलेट ट्रेन. तिच्यावर आपल्याकडे एक तर आरती तरी होते किंवा शिव्या तरी. कागद बघा. मुंबई ते अहमदाबाद ५०८ किलोमीटर, बारा स्थानकं, त्यातली चार महाराष्ट्रात: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपये, त्यातला ८१ टक्के हिस्सा जपानचं कर्ज. व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. हे ऐकून ‘जवळजवळ फुकट’ असं म्हणायची पद्धत पडली. फुकट नसतं. जायकाच्या, म्हणजे जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या, सगळ्यात स्वस्त कर्जांना बहुधा एक दोरी बांधलेली असते: मुख्य ठेकेदार जपानी हवा किंवा जपानी कंपनीच्या नेतृत्वाखालचा गट हवा, आणि कंत्राटाच्या किमतीचा ठरावीक वाटा, साधारण तीस टक्क्यांहून कमी नाही, जपानी मालावर खर्च झाला पाहिजे. म्हणजे व्याजात जी सवलत मिळते तिचा एक भाग निविदेच्या भावातून परत जातो. स्पर्धा मोजक्या जपानी कंपन्यांत. त्या भाव चढा लावतात आणि आपली माणसं घासाघीस करत बसतात. दुसरा धोका येनचा. कर्ज येनमध्ये फेडायचं, कमाई रुपयात. येन महागला असता तर ०.१ टक्क्याचं काही खरं नव्हतं. इथे आपलं नशीब जोरावर निघालं: २०२१ नंतर येन असा घसरला की डॉलरला ११० च्या आसपास असलेला भाव २०२४ मध्ये १६० पर्यंत गेला, आणि रुपयाची पडझड त्यापुढे किरकोळ ठरली. नशिबाला धोरण म्हणायचं नाही, एवढं अर्थ खात्यातल्या हुशार माणसांना कळतं.

याच भावाच्या ओढाताणीमुळे २०२४ मध्ये बंगळुरूच्या बीईएमएल या सरकारी कंपनीला ताशी २८० किलोमीटरच्या दोन देशी गाड्यांची ऑर्डर गेली आणि पुढच्या वर्षी सिग्नलचं काम युरोपीय पद्धतीने करायचं ठरलं. आधी हा मार्ग नखशिखान्त जपानी व्हायचा होता. आता मार्ग जपानी, सुरुवातीची गाडी देशी, सिग्नल युरोपीय, आणि जपानची नवी ई-१० गाडी मागाहून, असा मामला आहे. टोकियोत यावर नाराजी आहे. आपल्या बाजूने पाहिलं तर एका पुरवठादाराच्या दावणीला बांधून न घेण्याची ही धडपड आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

जमिनीचं दुखणं वेगळं. एका प्रकल्पाच्या बैठकीतला प्रसंग सांगतो. प्रकल्पाचं नाव सांगत नाही. जपानी बाजूने जोखमींचा तक्ता आणला होता. प्रत्येक जोखमीपुढे एक रकाना: ही निस्तरायची जबाबदारी कुणाची. जमीन ताब्यात येण्याच्या ओळीपुढे आमच्या बाजूने लिहिलं होतं ‘राज्य शासन’. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने अगदी नम्रपणे विचारलं, राज्य शासन म्हणजे कोण? हुद्दा सांगा. आम्ही जिल्हाधिकारी म्हणालो. बदली झाली तर? मग महसूल विभाग. सरकार बदललं तर? खोलीत कुणी काही बोललं नाही, चहा आला. तो माणूस खवचट नव्हता. त्याच्या देशात त्या रकान्यात एकच नाव दहा वर्षं टिकतं, आमच्याकडे दहा महिने टिकलं तरी पुष्कळ. बुलेट ट्रेनचं भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं. गुजरातेत खांब उभे राहिले तरी महाराष्ट्रात २०२२ पर्यंत जमिनीचं घोडं अडलेलंच होतं. पालघरच्या आदिवासी गावांचा विरोध खरा होता, त्यांची मागणी ऐकण्यासारखी होती, आणि मुंबईतल्या सत्तेच्या उलथापालथीत तिचा फुटबॉल झाला. गुजरातच्या शेतकऱ्यांनी तर थेट जायकाकडेच तक्रार नेली. हा मार्ग आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं: कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेचे पर्यावरण आणि पुनर्वसनाचे स्वतःचे नियम आहेत, आणि बाधित माणूस त्यांच्याकडे लेखी दाद मागू शकतो.

हेच कर्ज जिथे नीट मुरलं तिथे ते दिसतही नाही. दिल्ली मेट्रो १९९७ पासून जपानी कर्जाच्या पैशावर उभी राहिली. मुंबईत कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ३ त्याच पैशावर झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. शिवडी–न्हावा शेवा अटल सेतू, २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तोही तसाच. अजिंठा-वेरूळच्या संवर्धन आणि पर्यटन प्रकल्पातही जपानी पैसा आहे. सकाळी सिद्धिविनायकला मेट्रोने जाणाऱ्या माणसाला याची खबर नसते, आणि असायचं कारणही नाही.

व्यापारात मात्र आपण सपशेल मागे आहोत. २०११ मध्ये मुक्त व्यापार करार झाला तेव्हा जपानला आपली निर्यात पाच अब्ज डॉलरच्या आसपास होती. २०२३-२४ मध्ये? पाच अब्जांहून थोडी जास्त. आयात त्याच काळात दुपटीने वाढून १७ अब्ज ७० कोटींच्या घरात गेली. दोन्ही मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर. चीनशी आपला व्यापार त्याच वर्षी ११८ अब्जांच्या पुढे होता. जपानचा चीनशी व्यापार तर ३०० अब्ज डॉलरच्या आसपास फिरतो. चीनला शह द्यायला निघालेले दोन देश चीनशीच एवढी मोठी देवाणघेवाण करतात, हे आधी मान्य करावं आणि मगच सामरिक वगैरे बोलावं.

निर्यात का वाढत नाही, ते आंब्यावरून समजतं. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये आपल्या आंब्याला दार बंद केलं, ते २००६ मध्ये उघडलं. उघडलं म्हणजे कसं, तर हापूस-केसरवर उष्णबाष्प प्रक्रिया झाली पाहिजे: फळाच्या गाभ्याचं तापमान ४७.५ अंशांवर वीस मिनिटं. वाशीला पणन मंडळाचं केंद्र आहे, तिथे ही प्रक्रिया होते, आणि हंगामात जपानचा तपासनीस स्वतः येऊन यंत्रापाशी उभा राहतो. त्याने मान हलवली तरच पेटी विमानात चढते. शुल्क शून्य केलं तरी हा माणूस हटत नाही. कोळंबीचं तसंच, औषधांचं तसंच. जपानची तटबंदी जकातीची नाही, कसोट्यांची आहे. आपण व्यापार करारात जकात कमी करून घेतो आणि कसोट्यांकडे दुर्लक्ष करतो. वाहनधंद्यातल्या कंपन्यांनी कसोट्या पार केल्या, त्यांचं बघा: इथे बनवलेली पाच दारांची जिमनी सुझुकीने जानेवारी २०२५ मध्ये जपानच्या बाजारासाठी जाहीर केली आणि चार दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागणी आल्यावर नोंदणीच थांबवावी लागली. भारतात बनलेल्या गाडीसाठी जपानी गिऱ्हाईक रांगेत! १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० बाहेर पडली तेव्हा हे कुणी बोललं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

लष्करी बाजू थोडक्यात उरकतो, कारण तिथे बातम्या जास्त आणि वस्तू कमी. मलबार या नौदलांच्या संयुक्त कवायतीत जपान २०१५ पासून कायमचा आहे. २०२० मध्ये रसद-देवाणघेवाणीचा करार झाला, तो पुढच्या वर्षी लागू झाला: एकाच्या युद्धनौकेला दुसऱ्याच्या बंदरात इंधन, अन्न, सुटे भाग मिळतात. हा शांतपणे उपयोगी पडणारा करार आहे. हत्यारांचं मात्र अवघड. यूएस-२ हे पाण्यावर उतरणारं विमान घ्यायची बोलणी २०१३ च्या सुमारास सुरू झाली, वर्षानुवर्षं चालली आणि किमतीपाशी येऊन विरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये युद्धनौकांवरच्या ‘युनिकॉर्न’ अँटेना-मनोऱ्याचा समझोता झाला. भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो इथे जपानच्या मदतीने बनवायचा आहे. दहा-अकरा वर्षांच्या गप्पांनंतर एक मनोरा. तरी माझ्या मते अख्खं विमान विकत घेण्यापेक्षा हा रस्ता शहाणपणाचा, कारण मनोरा बनवता बनवता आपल्या माणसांच्या हातात काहीतरी उरतं.

मतभेद लपवण्यासारखे नाहीत. २०१९ मध्ये आपण आरसेप व्यापार गटातून बाहेर पडलो. जपान आत राहिला, चीनसोबत. युक्रेनवर जपानने रशियाला निर्बंध लावले, आपण रशियाचं तेल घेतलं. आणि एप्रिल २०२२ मधली एक गोष्ट मुंबईकरांनाही फारशी आठवत नाही: युक्रेनच्या निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांचं सामान मुंबईहून उचलायला जपानला आपल्या स्वसंरक्षण दलाचं विमान पाठवायचं होतं. दिल्लीने सांगितलं, व्यापारी विमान आणा, लष्करी नको. टोकियोत तेव्हा सत्ताधारी पक्षातल्या लोकांनीच आदळआपट केली. आठवडाभरात प्रकरण मिटलं, कुणी भागीदारीचा फेरविचार वगैरे केला नाही. ही सहनशक्तीच या नात्याचा कणा आहे. ‘आमच्याबरोबर की त्यांच्याबरोबर’ हा प्रश्न दोघंही एकमेकांना विचारत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आपले पंतप्रधान टोकियोला गेले, पुढच्या दहा वर्षांचा आराखडा आणि सुरक्षा सहकार्याचं नवं निवेदन करून थेट चीनमध्ये तिआंजिनला शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला गेले. जपानने तक्रार केली नाही.

त्याच आठवड्यात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं होतं. जपानही सुटला नव्हता: १५ टक्क्यांवर सौदा ठरला, आणि त्यासाठी ५५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं आश्वासन द्यावं लागलं. तरीही जपान अमेरिकेला सोडू शकत नाही. पन्नास हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक त्याच्या भूमीवर आहेत. म्हणून ‘अमेरिकेऐवजी जपान’ असा हिशेब मांडू नका. अमेरिका लहरी झाली आणि चीन अंगावर आला, तर दोन्हीकडून बसणारा फटका थोडा सौम्य व्हावा, एवढ्यासाठी दोघं एकमेकांना धरून आहेत.

हे खरंच कितपत जमतं, याची परीक्षा दुर्मीळ मृद्धातूंवर, म्हणजे गाड्यांच्या मोटारींतल्या चुंबकांना लागणाऱ्या धातूंवर, होईल. २०१० मध्ये दोघंही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळच्या बोटीच्या भांडणावरून चीनने जपानचा या धातूंचा पुरवठा आवळला. जपान हादरला, आणि २०१२ मध्ये भारताशी करार करून आयआरईएल या सरकारी खाण कंपनीच्या मालावर विशाखापट्टणमला टोयोटा गटाच्या कंपनीचा कारखाना उभा केला. छान चाललं होतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर परवाने लावले, आपल्या वाहन कारखान्यांचा जीव टांगणीला लागला, जपानमध्ये सुझुकीला स्विफ्टचं उत्पादन काही दिवस थांबवावं लागलं. आणि जूनमध्ये बातमी आली की दिल्ली आयआरईएलला जपानकडे जाणारा माल थांबवायला सांगतेय, आधी देशाची गरज म्हणून. समजण्यासारखं आहे. पण ज्या दिवशी टंचाई आली त्याच दिवशी आपला हात आखडला, हे टोकियोतल्या कोष्टकात नोंदलं गेलं असणार. खाण आणि कच्ची वाळू आपल्याकडे आहे, चुंबक बनवायची विद्या त्यांच्याकडे आहे. तिथे चुंबकाचा कारखाना दोघांनी मिळून इथे उभारला नाही, तर सामरिक भागीदारी हे शब्द मी तरी वापरणार नाही.

पैसा मात्र आता स्वतःच्या पायांनी येतोय. जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेने २०२५ मध्ये येस बँकेत २० टक्क्यांहून अधिक वाटा घेतला. डिसेंबरमध्ये मित्सुबिशी यूएफजेने श्रीराम फायनान्सच्या २० टक्क्यांसाठी ३९ हजार कोटींहून अधिक रुपये मोजायचं जाहीर केलं. सरकारी कर्जाला दोरी असते, खासगी भांडवलाला नफ्याची भूक असते. जपानमध्ये लोकसंख्या घटतेय, ६५ वर्षांवरची माणसं जवळजवळ २९ टक्के आहेत, घरच्या बाजारात वाढ नाही. त्यांना इथे यायलाच हवं. दहा वर्षांत १० लाख कोटी येनच्या खासगी गुंतवणुकीचं लक्ष्य त्यातूनच आलंय.

आणि इथे तुमच्या मुलीचा प्रश्न येतो. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये भारतीय होते पन्नास हजारांच्या थोडे वर. व्हिएतनामी सहा लाखांहून जास्त. एवढ्या मोठ्या भागीदारीच्या गप्पा आणि माणसं एवढीच. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात मराठी घरं आहेत, योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या सभेवर निवडूनही गेले, पण आकडा लहानच. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी, त्यात पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जावेत, असं २०२५ मध्ये ठरलंय. ठरलं म्हणून होत नाही, पण दार उघडं आहे.

शिकावं. मात्र पुण्यात जपानी शिकणारे उदंड आणि बहुतेक एन-४ वर, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाचांतल्या खालून दुसऱ्या पातळीवर, थांबणारे (एन-१ सगळ्यात वरची). त्या पातळीवर नोकरी मिळत नाही, हॉटेलात जेवण मागवता येतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एन-३ आणि पदवीनंतर वर्षभरात एन-२, हे धरून चालावं. परीक्षा पुण्यातच जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. शाखा सोडू नये. नुसत्या दुभाष्याचं काम यंत्रं खातायत, ते मी डोळ्यांनी बघतोय. यंत्र, वीज किंवा सेमीकंडक्टर येणाऱ्या आणि वर जपानी वाचू शकणाऱ्या मुलीला मात्र चाकण-तळेगावपासून नागोयापर्यंत कुणी रिकामं बसू देणार नाही. पहिली नोकरी शक्यतो इथल्याच जपानी कंपनीत घ्यावी, दोन-तीन वर्षं त्यांचे तक्ते भरायला शिकावं, मग तिकडे जावं. उलट क्रमाने गेलेली बरीच मुलं वर्षभरात कंटाळून परत आलेली पाहिली आहेत. त्यांना भाषा येत होती, तो जबाबदारीचा रकाना कसा भरायचा ते येत नव्हतं.